एका लक्षणावरून

लातूर
१४ डिसेंबर २००८

मुज्तबा,

पत्ता बरोबर असला तर हे निजामाबादला तुझ्या चष्म्याच्या दुकानात पोचेल. पत्ता वीरभद्रनं दिला. आपला धर्माबादचा जाळीवाला वीरभद्र, आता त्याला दिसत नाही नीट. म्हणाला, "मुज्तबाभाईनं चष्मा बसवून दिला बगा. तुमचं नाव काढलं तर उठून आत गेले."

तर तू आत गेलास. मी दारात उभा राहून लिहून राहिलो असं समज.

मतलबाशिवाय भुजंग सलाम करत नाही, असं तूच म्हणायचास. म्हणून मतलब आधी सांगतो. आपली हिरवी वही तुझ्याकडं आहे. चालटाच्या मापांची. तीनशेचाळीस मासे, त्यातले निम्मे तू मोजलेस, निम्मे मी. मला ती पाहिजे. चालटावर पुन्हा काहीतरी लिहावं म्हणतो.

परवा नांदेडला गेलो होतो. इतवाऱ्याच्या बाजारात एका बाईच्या पाटीत एकच चालट पडलेला. तसाच, चपटा, चांदीचा, पाठीवर पिसाएवढा पर आणि पोटाखालून शेपटापर्यंत एकच लांब झालर. बाईला नाव विचारलं तर म्हणे, "काय की सर, काट्याचा मासा हाय, कुनी घेत न्हाई." नाव पण गेलं बघ. तिकडं तुमचे तेलुगू भोई त्याला मंगलीकत्ती म्हणायचे ना, न्हाव्याचा वस्तरा? का तेही विसरले?

मी तिला सांगत बसलो की मावशे, हा पुढं पोहतो तसाच उलटाही पोहतो, ह्याच्या जिभेवर दात असतात, ह्याचे चुलतभाऊ अजूनही आफ्रिकेतल्या नद्यांत आहेत. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप पाटी सोडून निघालो.

कॉलेजातल्या आपल्या सरांना एक कोडं पडायचं, आठवतं का? गोड्या पाण्यातलं घराणं, समुद्र ओलांडता येत नाही, मग इकडं गोदावरीत आणि तिकडं आफ्रिकेत दोन्हीकडं कसं? हल्ली डीएनए वाचणारे लोक म्हणून राहिलेत की जमीन तुटली तेव्हा आपला तुकडा ह्यांच्या पणजोबांना पाठीवर घेऊन निघाला असावा. म्हणजे तुकडा कोट्यवधी वर्षं तरंगत इकडं आला, आशियाला धडकला, आणि अजून धडकूनच राहिला. ते सगळं वाचताना तुझी आठवण आली. का आली ते लिहीत नाही.

मी काय करतो ते वीरभद्रनं सांगितलंच असेल. प्राध्यापकी मिळाली नाही. क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. एका हॉलात तीनशे पोरं, पंखे आठ. चालूच नसतात त्यातले तीन. नायगावपासून शिरूर अनंतपाळपर्यंतची सगळी हुशारी इथं खोल्या करून राहिली आहे. गावाकडनं आया येतात, स्टोव्ह मांडतात, पोरांना डॉक्टर करून मगच उठणार म्हणतात. मी त्यांना प्राण्यांचं वर्गीकरण शिकवतो. एका तासात अख्खी सृष्टी, आणि कुठला प्रश्न किती वेळा आलाय ते.

मागच्या आठवड्यात चालटाची गोष्ट सांगितली, अभ्यासक्रमात नसताना. अडीचशे वर्षांपूर्वी एका जर्मन पंडितानं चालट पाहिला आणि लांब झालर बघून त्याला दक्षिण अमेरिकेच्या सुरीमाशांत बसवून टाकला. आकार सारखा, मग भाऊच असणार! नातं काडीचं नाही. पोरं हसली. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, उज्वला नावाची, ती हसली नाही. उठून म्हणाली, "सर, मग नातं ओळखायचं कशावरून?"

मी म्हणालो, "एका लक्षणावरून कधीच नाही. हाडं बघायची, कान बघायचा, जीभ बघायची. पाच-सहा लक्षणं जुळली तर तोंड उघडायचं."

चांगलं उत्तर दिलं ना?

आणखी एक विचारायचं होतं. राहू दे. वही पाठव.

भुजंग


लातूर
३ जानेवारी २००९

मुज्तबा,

पाकीट परत आलं. वर लाल शाईनं "रिफ्यूज्ड". तुझा हट्ट मेला तरी जात नाही. अरे, फाडून तरी बघायचं होतंस! वही मागितली होती, जीव नाही मागितला.

वही निमित्त होतं. आता तू वाचणारच नाहीस तर खोटं कशाला लिहू?

त्या मुलीबद्दल लिहायचं होतं. उज्वला. सतरा वर्षांची. मागल्या महिन्यात आनुवंशिकता शिकवताना मी पोरांना एकमेकांचे कान बघायला लावले. पाळी सुटी कोणाची, चिकटलेली कोणाची, असला तो नेहमीचा खेळ. ही पोरगी म्हणाली, "सर, माझ्या कानाला हे काय आहे?" केस मागं सारले. कान जिथं गालाला चिकटतो तिथं वरच्या अंगाला सुईनं टोचल्यासारखं बारीक छिद्र. दोन्ही बाजूंना.

तुला सांगायला नको. तुझ्या कानांना तेच होतं. तुझ्या अब्बांच्याही. तू म्हणायचास, "अल्लानं मला चार कान द्यायचे ठरवले होते, मग म्हणाला, ह्या भुजंगाची बडबड ऐकायला दोनच बास."

मी खडू ठेवून खुर्चीवर बसलो. पोरांना वाटलं, सर दमले.

हे असलं छिद्र शंभरात एखाद्याला असतंच, मला माहीत आहे. मी शिकवतो ते. पण मुज्तबा, ती भूकंपातली पोरगी आहे. आईनं तसा दाखला जोडलाय अर्जाला. गाव कुठलं, तर तुझी सासुरवाडी.

आता ते मांडून लिहितो. तुला माहीतच आहे, पण मी स्वतःशीसुद्धा ते कधी सरळ मांडलं नाही.

त्र्याण्णव साल, गणपती उठायचे होते. तुझी रजिया लेकीला, सादियाला, घेऊन माहेरी गेलेली. तू त्यांना आणायला निघाला होतास, पिशवी भरून प्रयोगशाळेच्या दारात ठेवली होतीस. मी म्हणालो, "शेवटचे साठ मासे मोजून जा गड्या. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतं का?" तू थांबलास. मोजत बसलास. दुसऱ्या दिवशी पहाटे आभाळ नाही, जमीन कोसळली.

कॉलेजनं आम्हा काही जणांना ट्रकमधून किल्लारीच्या बाजूला पाठवलं. तू तुझ्या वाटेनं गेलास. छावणीत तहसीलचा माणूस विचारत होता, अक्षर कोणाचं बरं आहे? मी हात वर केला. मला टेबल दिलं. सापडलेल्या माणसांना, जिवंत आणि मेलेल्या, चिठ्ठ्या बांधायचं काम. बाईमाणूस की गडी, वय अंदाजे, कुठं सापडलं, कोण. मला काय, सवयच होती. माशांच्या बाटलीतल्या चिठ्ठीवर तेच लिहायचो: मासा, नदी, तारीख, गोळा करणारा.

तिसऱ्या दिवशी तू आलास. अंगावर माती, बोटांची नखं गेलेली. म्हणालास, "भुजंग, तुझ्या रजिस्टरात आमची कोणी पोरगी हाय का? दोन वर्षांची?"

मी मुसलमानांचं पान काढलं. बोट फिरवलं. म्हणालो, "न्हाई."

मान वर केली नाही मी. रांग होती मागं. खरं सांगतो, रांग होती.

बाकीचं पुढच्या पत्रात, तेही तू परत पाठवशील त्यात.

भुजंग


लातूर
८ फेब्रुवारी २००९

मुज्तबा,

दुसरंही आलं परत. आता पोस्टमन माझ्याकडं बघून हसतो. म्हणतो, "सर, प्रेमपत्र हाय का?"

हे तर तू नक्कीच घेणार नाहीस. म्हणून सगळं लिहितो.

ते रजिस्टर मी कसं भरलं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जवानांनी एक पोर आणून टेबलावर बसवलं. मुलगी. तोंड सुजलेलं, डोळे चिकटलेले, केसांत माती. नाव विचारलं, गाव विचारलं. एकच शब्द. "अव्वा." पुन्हा विचारलं. "अव्वा."

आपल्याकडं आई म्हणतात, तुमच्यात अम्मी. अव्वा म्हणणार ती लिंगायताची, तिकडं कानडीचा वारा आहे. मी लिहिलं: मुलगी, अंदाजे दोन वर्षे, अव्वा म्हणते, लिंगायत. आणि तिच्या मनगटाला बांधलं. मला कोण विचारणार होतं की हिला अजून चार लक्षणं आहेत का? कान कोण बघणार? एक शब्द ऐकला आणि कप्प्यात ठेवून दिली. त्या जर्मनाला हसतो मी, त्यानं निदान मेलेला मासा बसवला होता.

आणि तिसऱ्या दिवशी, तू आलास तेव्हा, ती पोरगी माझ्यापासून वीस पावलांवर तंबूत होती. मी चुकीचं पान काढलं, मुज्तबा. बरोबर पान काढलं असतं तर ती तुझ्या कडेवर असती.

अजून एक ऐक. त्या रात्रीपासून पाऊस लागला. बाकीच्यांनी चिठ्ठ्या पेनानं लिहिल्या होत्या, सगळ्या धुऊन गेल्या. माझ्या तेवढ्या राहिल्या. कारण आपल्याला सरांनी मारून-मुटकून शिकवलं होतं, बाटलीत जाणारी चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची, शाई विरघळते. माझी पेन्सिल होती. म्हणून लोकांनी माझ्या चिठ्ठ्यांवर देव असल्यासारखा विश्वास ठेवला.

परवा उज्वलाच्या आईकडं गेलो. नीलम्मा. औसा रोडच्या मागं एका खोलीत राहते लेकीला घेऊन, लेक अभ्यासिकेत गेलेली. नवरा, सासू, पोटची पोर, सगळं त्या पहाटे गेलं. तिनं चहा टाकला. मी आडून आडून विचारलं. ती बाई माझ्यापेक्षा हुशार निघाली.

म्हणाली, "सर, चिठ्ठी बांदनारे तुमीच का?"

मी हाव म्हणालो.

"पोरीच्या वहीत तुमचं अक्षर वळखलं मी. अजून हाय माझ्यापाशी." डब्यातून काढून दाखवली. पेन्सिल. पुसट झालेली, पण वाचता येते.

मग सांगितलं तिनं. मी विचारलंही नव्हतं. "माझ्या पोरीच्या मांडीवर काळा डाग व्हता. हिला न्हवता. न्हाऊ घातलं तवाच बगितलं. पन तिनं माझ्याकडं हात केले अन् अव्वा म्हनली. सर, मी काय करनार? चिठ्ठीवर लिंगायत लिव्हलं व्हतं. सरकारनं लिव्हलं व्हतं. मी म्हनलं, देवानंच दिली."

मी म्हणालो, "ती मुसलमानाची असू शकते."

"आमच्या गावात मुसलमानाची लेकरं बी अव्वाच म्हनायची. शेजारच्या घरात दिसभर असायची ना." आणि स्टोव्हची वात खाली केली. "सीईटी होऊ द्या सर. मे म्हैन्यात हाय. मंग मीच सांगते. तुमच्या पाया पडते."

खरंच पडली. मी उठून आलो.

बघ आता, शब्दही लक्षण नव्हतं. ज्या एका गोष्टीवरून ठरवलं तीच सगळ्या गल्लीत होती.

तुझ्या सादियाला मी एकदाच बघितलं, अकीक्याच्या, जावळाच्या दिवशी. कापडात नाक तेवढं दिसत होतं. मटण चापून खाल्लं, कानाकडं कोण बघतं! पण सगळं जुळतं, मुज्तबा. गाव जुळतं, वय जुळतं, कान जुळतात. तीन लक्षणं झाली.

तू हे वाच रे. एकदा.

भुजंग


लातूर
११ एप्रिल २००९

मुज्तबा,

हे पत्र टपालानं येत नाही. तू टपाल घेत नाहीस, म्हणून हे आणणारी मुलगी तुझ्या दारात उभी आहे. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी उठ. तिच्या कानाकडं बघ.

तिच्या पिशवीत माझी परत आलेली तिन्ही पाकिटंही आहेत. मी फोडली नाहीत. तू फोड.

मी तिला काल सांगितलं. बारावीची परीक्षा झाली होती, सीईटीला महिना आहे. नीलम्माला दिलेला शब्द मोडला. मोडला म्हणजे, मी शब्द दिलाच नव्हता, नुसता उठून आलो होतो, पण तिनं तो दिलेला धरला असणार. काय करू? पंधरा वर्षं माझ्या छातीवर हे बसलंय. तू तिकडं म्हातारा होऊन राहिलास आणि तुझी पोर इकडं माझ्या समोर तिसऱ्या बाकावर वही भरून राहिली. एक महिना, एक महिना करत माणसं मरतात.

ती रडली नाही. म्हणाली, "सर, नक्की का?"

मी म्हणालो, "हाव. नक्की."

नीलम्माला न सांगता निघाली आहे, उदगीर-देगलूर करून बोधनवरून येईल. तिला जेवू घाल. भाजी तिखट खाते म्हणे.

चालटाची ती गोष्ट तू मला दाखवली होतीस, विष्णुपुरीच्या पाण्यात. खुंटाला अंडी चिकटलेली आणि नर तिथं ठिय्या देऊन, शेपटीनं पाणी हलवत, जवळ येईल त्याच्या अंगावर जात. मादी कुठल्या कुठं. तू म्हणाला होतास, "बाप असावा तर असा." मग मीच तुला साठ मासे मोजायला बसवलं. ते देणं आज फेडतो असं समज.

ह्या खेपेला चुकलो नाही.

तुझा,
भुजंग


लातूर
२४ मे २००९

मुज्तबा,

वही मिळाली.

उज्वलानं आणून टेबलावर ठेवली, क्लास सुटल्यावर. हिरवा रंग उडालाय. शेवटच्या पानावर तू लिहिलेलं वाचलं, पेन्सिलीनं लिहिलंस. तू लिहिलेलंच तुला परत लिहून पाठवतो, कारण ते मला रोज वाचावं लागतं आणि एकट्याला वाचवत नाही.

"भुजंग, चारी पत्रं वाचली. वही पाठवतो, तू ती मागितलीस. ही पोरगी माझी नाही. चौथ्या दिवशी मला रजिया सापडली. सादिया तिच्या पोटाशी होती. दोघींना मी ह्या हातांनी माती दिली. मग तुला सांगायला तुझ्या टेबलापाशी आलो होतो. तू चिठ्ठ्या लिहीत होतास. मी बराच वेळ उभा होतो. तू मान वर केली नाहीस, मी निघालो. सादियाच्या कानांना छिद्र नव्हतं. रजिया हसायची, बापाचं एकही लक्षण घेतलं नाही म्हणायची. पंधरा वर्षं झाली आणि चार पत्रं झाली. वही कुठाय ते विचारलंस. सादियाला कुठं ठेवलं, हे तू एकदाही विचारलं नाहीस. मुज्तबा."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुझा राग आला. खरं सांगतो. म्हटलं, सांगायला काय झालं होतं ह्याला, खांद्यावर हात ठेवून हलवायचं होतं मला. मग कळलं, मी अजूनही तुझ्यावरच ढकलून राहिलो.

उज्वला उभी होती तोवर. म्हणाली, "निजामाबादचे काका लई चांगले आहेत सर. त्यांच्या घरच्यांनी जेवू घातलं. म्हणाले, बेटा, मेरी होती तो मैं बहोत खुश होता, पर झूट कैसे बोलूँ. गाडीत बसवायला स्टँडवर आले. गाडी हलली तरी खिडकीला धरून चालत होते."

मी म्हणालो, "आपण शोधू. मी जुनी रजिस्टरं काढतो, तहसीलला जातो."

"कशावरून शोधणार सर? अजून एखादं लक्षण दिसतंय का माझ्यात?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

सीईटीला बसली नाही ती. हॉल तिकीट माझ्याकडंच पडलंय, क्लासच्या ऑफिसात. तिसऱ्या बाकावर आता दुसरी मुलगी बसते, उन्हाळी तुकडीची.

मी रजिस्टरं शोधायला गेलो होतो. नाहीत. कुठं गेली कोणाला माहीत नाही. एक म्हातारा कारकून म्हणाला, "त्या गल्लीतली निम्मी घरं सबंध गेली सर. कुनाचं पोर कुनाचं, सांगायला माणूस न्हाई उरला." म्हणजे ती कोणाची हे आता ह्या जगात कोणालाही माहीत नाही. आधीही नव्हतं, पण आधी तिला ते माहीत नव्हतं.

काल नीलम्मा आली. खोली सोडून गावाकडं चालल्या दोघी. सामान टेम्पोत होतं, स्टोव्ह वर बांधलेला. उज्वला टेम्पोत पुढं बसली होती, माझ्याकडं बघत नव्हती. नीलम्मा दारातच थांबली, आत ये म्हटलं तर आली नाही. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या.

म्हणाली, "घरातच हाय ती सर. जेवती, झोपती, कामाला हात लावती. पन मला अव्वा म्हनंना. नीलम्माबाई म्हनती." तोंडाला पदर लावला. "माझी पोर भुकंपानं नेली. ही तुमच्या चिठ्ठीनं आली. माझ्यापाशी तेवढा एक शबुद व्हता, सर. तोबी तुमीच नेलाव."

मग पदराच्या गाठीतून ती चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. "ठिवा तुमची तुमच्यापाशी."

वहीच्या शेवटच्या पानात, तुझ्या अक्षराशेजारी ठेवली आहे. दोन्ही पेन्सिलीचं. दोन्ही टिकणार.

चालटावर काही लिहिणार नाही मी. तीनशेचाळीस माशांची मापं आहेत, एकेकाचे कल्ले, काटे, झालरीतल्या दांड्या, सगळं नीट. कोणतं कुठं बसतं ते ठरवायची माझी लायकी नाही.

हे पत्र तू घेणार नाहीस. घेतलंस तर उत्तर देऊ नकोस. तुझ्याकडं काही मागायला लिहीत नाही. पंधरा वर्षांपूर्वी टेबलापाशी तू उभा होतास तेव्हा मान वर करून विचारायचं होतं, ते आज विचारतो.

मुज्तबा, सादियाला कुठं ठेवलंस?

भुजंग